वजा सात नंबरसाठी १.६७ ची भिंगे: एका चष्म्याचे सविस्तर परीक्षण

माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर वजा ७ आणि डाव्या डोळ्याचा वजा ६.५ आहे. एवढ्या नंबरचा चष्मा साध्या प्लास्टिकच्या भिंगांत बनवला, तर त्याच्या कडा फ्रेमच्या मागे ठळक डोकावतात, संध्याकाळपर्यंत नाकावर वळ उठतात आणि फोटोत डोळ्यांआधी काचाच दिसतात. म्हणून या वेळी मी १.६७ अपवर्तनांकाची भिंगे घेतली. वर्गात फळ्यासमोर, संगणकासमोर आणि रात्रीच्या प्रवासात ती पुरेशी वापरून झाल्यावर त्यांच्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटले, कारण चष्म्याच्या दुकानात या आकड्याविषयी जे सांगितले जाते ते बहुधा एका वाक्यात आटोपते: आकडा जितका मोठा, तितकी काच पातळ. हे वाक्य खोटे नाही, मात्र तेवढ्यावर भरवसा ठेवून फ्रेमपेक्षाही महाग भिंगे घ्यावीत इतके ते पुरेसे नाही. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या पाठ्यपुस्तकात प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे ही दोन प्रकरणे लागोपाठ येतात, आणि ती शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी दुकानाच्या काउंटरवर उभा राहिला की त्यातले काहीच त्याच्या उपयोगी पडत नाही, याची मला खंत आहे.

आधी हा आकडा म्हणजे काय ते पाहू. निर्वात जागेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. पारदर्शक पदार्थात शिरल्यावर प्रकाशलहरी त्या पदार्थातील इलेक्ट्रॉनांना हालवते, ते इलेक्ट्रॉन स्वतःच्या लहरी निर्माण करतात आणि या सगळ्यांची बेरीज होऊन पुढे जाणारी लहर मंदावते. निर्वातातील वेगाला पदार्थातील वेगाने भागले की अपवर्तनांक मिळतो. साध्या प्लास्टिकच्या, म्हणजे सीआर-३९ या पदार्थाच्या भिंगाचा अपवर्तनांक सुमारे १.५० आहे, म्हणजे त्यात प्रकाश सेकंदाला २ लाख किलोमीटर वेगाने जातो; १.६७ च्या भिंगात हाच वेग १ लाख ८० हजारांच्या आसपास उतरतो. प्रकाश तिरपा येत असेल, तर लहरीची एक बाजू आधी मंदावते आणि त्यामुळे तिची दिशा वळते. हवेतून पृष्ठभागाच्या लंबाशी ४० अंशांचा कोन करून आलेला किरण साध्या प्लास्टिकमध्ये शिरल्यावर लंबाशी साधारण २५.४ अंशांचा कोन करतो आणि १.६७ च्या पदार्थात साधारण २२.६ अंशांचा. तीन अंशांहूनही कमी असलेला हा फरक हाच या महाग भिंगांचा सगळा गाभा आहे: पदार्थ प्रकाशाला अधिक वळवत असेल, तर तेवढाच नंबर मिळवण्यासाठी पृष्ठभागाला कमी वक्रता पुरते, आणि वक्रता कमी झाली की कड पातळ होते.

किरण किती वळेल हे सांगणारा नियम नेदरलँड्समधील लायडनचे गणितज्ञ विलेब्रॉर्ड स्नेल यांनी १६२१ मध्ये शोधला, फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांनी तो १६३७ मध्ये छापून प्रसिद्ध केला, आणि त्यांच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकाच्या अखेरीस, बगदादचे गणितज्ञ इब्न सहल यांनी भिंगांचे आकार ठरवताना तोच नियम भूमितीच्या भाषेत मांडला होता. या नियमाची पहिली ज्ञात मांडणी भिंगे घडवण्याच्या प्रश्नातून झाली, ही गोष्ट मला वर्गात आवर्जून सांगाविशी वाटते.

आता जाडीकडे येऊ, कारण पैसे जाडीसाठी मोजलेले असतात. वजा नंबरचे भिंग मध्यभागी सर्वांत पातळ आणि कडेला सर्वांत जाड असते. कडेला किती जाडी वाढेल याचा अंदाज एका सोप्या हिशेबाने येतो: भिंगाच्या प्रकाशीय मध्यापासून, म्हणजे जिथून प्रकाश न वळता सरळ पार जातो त्या बिंदूपासून, कडेपर्यंतच्या अंतराचा वर्ग घ्यायचा, त्याला नंबरने गुणायचे आणि अपवर्तनांकातून एक वजा करून येणाऱ्या संख्येच्या दुपटीने भागायचे. अंतर मीटरमध्ये घेतले की उत्तरही मीटरमध्ये येते. त्यात मध्यभागाची जाडी मिळवली की कडेची जाडी हाती येते. या हिशेबात अपवर्तनांक भागाकारात आहे, पण अंतराचा वर्ग आहे, आणि दुकानात ज्याच्याविषयी कोणी बोलत नाही ती फ्रेम नेमकी या वर्गाच्या जागी बसलेली आहे.

माझ्या जुन्या फ्रेमच्या दांडीवर आतल्या बाजूने ५२ आणि १८ हे आकडे छापलेले होते, म्हणजे प्रत्येक भिंगाची रुंदी ५२ मिलिमीटर आणि नाकावरचे अंतर १८ मिलिमीटर. माझ्या दोन बाहुल्यांमधील अंतर, ज्याला दुकानात पीडी म्हणतात, ६२ मिलिमीटर आहे. फ्रेमच्या दोन मध्यांमधील अंतर ७० आणि डोळ्यांमधील ६२, त्यामुळे प्रत्येक भिंगाचा प्रकाशीय मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो आणि कानाकडची कड मध्यापासून ३० मिलिमीटरवर जाते. साध्या प्लास्टिकमध्ये या अंतरावर जाडी सुमारे ६.३ मिलिमीटरने वाढते आणि मध्यभागाचे २ मिलिमीटर धरून ८.३ होते. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या व्हर्निअर कॅलिपरने जुना चष्मा मोजला तेव्हा उजव्या भिंगाची कड याच्या अगदी जवळपास भरली. नव्या फ्रेमवर ४८ आणि २० हे आकडे आहेत. तिच्यात मध्य ३ मिलिमीटरच सरकवावा लागतो आणि कानाकडची कड मध्यापासून २७ मिलिमीटरवर येते. १.६७ च्या भिंगासाठी हिशेब ३.८ आणि मध्यभागाचे १.२, असा मिळून ५ मिलिमीटरचा येतो, आणि कॅलिपरनेही तेवढेच दाखवले. सव्वातीन मिलिमीटरचा हा फरक बोटाला लगेच जाणवतो आणि चष्मा बाजूने पाहणाऱ्यालाही दिसतो.

या सव्वातीन मिलिमीटरचे श्रेय सगळेच भिंगाचे नाही. जुन्याच फ्रेममध्ये १.६७ ची भिंगे बसवली असती तर कड सुमारे ५.९ मिलिमीटर झाली असती, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर केवळ लहान फ्रेमने वाचवला. हाच हिशेब पुढे नेला की जे दिसते ते प्रत्येक जास्त नंबरवाल्याने फ्रेम निवडण्याआधी पाहावे असे आहे. सध्या चालणाऱ्या मोठ्या चौकोनी फ्रेमपैकी ५४ आणि १८ मापाची एक घेतली आणि तिच्यात बाजारातील महागड्या भिंगांपैकी १.७४ अपवर्तनांकाची भिंगे बसवली, तर माझ्या नंबरला कानाकडची कड सुमारे ५.९ मिलिमीटर होते. माझ्या ४८ च्या फ्रेममध्ये १.६० ची, म्हणजे तुलनेने बरीच स्वस्त भिंगे बसवली, तर ती ५.६ च्या आसपास राहते. योग्य फ्रेममधले स्वस्त भिंग अयोग्य फ्रेममधल्या महागड्या भिंगापेक्षा पातळ निघते, आणि यासाठी एक रुपयाही जादा मोजावा लागत नाही. प्रत्यक्षात फ्रेमच्या आकारानुसार आणि भिंगाच्या पुढच्या वक्रतेनुसार दोन-चार दशांश इकडेतिकडे होतात, पण निष्कर्ष बदलत नाही. १.६७ वरून १.७४ वर गेल्याने माझ्या फ्रेममध्ये अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फायदा झाला असता. त्यासाठी जेवढी किंमत सांगितली गेली ती मला पटली नाही.

वजनाबाबत थोडक्यात सांगते. १.६७ च्या पदार्थाची घनता साध्या प्लास्टिकपेक्षा किंचित जास्तच आहे, त्यामुळे पदार्थ मुळात हलका आहे हा समज बरोबर नाही. चष्मा हलका झाला तो पदार्थ कमी लागला म्हणून. नाकावरचे वळ मात्र खरोखर गेले. डोळे लहान दिसण्याचा प्रश्न या भिंगांनी सुटत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. समोरच्याला आपले डोळे किती लहान दिसणार हे नंबरवर आणि भिंग डोळ्यापासून किती दूर आहे यावर ठरते. नाकाच्या गाद्या जुळवून चष्मा चेहऱ्याजवळ बसवला, तर त्यात थोडा फरक पडतो. अपवर्तनांक वाढवून नाही.

आता या भिंगांचा खरा दोष. प्रत्येक पारदर्शक पदार्थ निळ्या प्रकाशाला तांबड्यापेक्षा जास्त वळवतो. लोलकातून रंगपट्टा निघतो तो याच कारणाने आणि पाठ्यपुस्तकात त्याला अपस्करण म्हटले आहे. चष्म्याचे भिंग मध्यापासून दूर गेल्यावर लोलकासारखेच वागते. एखादा पदार्थ रंगांची किती फारकत करतो हे जर्मनीतील येना येथील भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आबे अंकाने सांगितले जाते. अंक जितका मोठा, तितकी फारकत कमी. साध्या प्लास्टिकचा आबे अंक सुमारे ५८ आहे, १.६० च्या भिंगांचा सुमारे ४१ आणि १.६७ च्या भिंगांचा ३२ च्या आसपास. अपवर्तनांक पाकिटावर ठळक छापलेला असतो. आबे अंक मला पाकिटावर कुठेही दिसला नाही, आणि काउंटरवर विचारल्यावर तो लगेच कोणाला सांगता आला नाही. ग्राहकाच्या नजरेशी थेट संबंध असलेली माहिती अशी आडबाजूला राहावी हे मला योग्य वाटत नाही.

हा दोष दिसतो कसा, तेही सांगते. वर्गातल्या पांढऱ्या ट्यूबलाइटकडे मान खाली ठेवून केवळ डोळे वर करून पाहिले, म्हणजे नजर भिंगाच्या वरच्या भागातून गेली, की ट्यूबच्या खालच्या कडेला निळी आणि वरच्या कडेला नारिंगी किनार उमटते. मान वर करून भिंगाच्या खालच्या भागातून तीच ट्यूब पाहिली की रंगांच्या जागा उलटतात. नजर मध्यातून नेली की किनार नाहीशी होते. याचाही हिशेब सरळ आहे. वजा ७ च्या भिंगात मध्यापासून दीड सेंटीमीटरवरून पाहिले, तर एक मीटरवरची वस्तू १०.५ सेंटीमीटर सरकलेली दिसते. या सरकण्याला आबे अंकाने भागले की तांबड्या आणि निळ्या प्रतिमांमधील अंतर मिळते: साध्या प्लास्टिकमध्ये १.८ मिलिमीटर, १.६० मध्ये २.६ आणि १.६७ मध्ये ३.३. एक मीटरवर ठेवलेल्या पुस्तकातील अक्षराच्या उंचीपेक्षा ही फारकत जास्त आहे. रात्री रस्त्यावर लाल आणि निळ्या दिव्यांच्या पाट्या शेजारी असल्या की तिरप्या नजरेने पाहताना निळी अक्षरे जागेवरून किंचित सरकलेली दिसतात. सुरुवातीला हे फार खुपले. हळूहळू डोळ्यांऐवजी मान वळवण्याची सवय लागली आणि आता मुद्दाम शोधल्याशिवाय किनारी जाणवत नाहीत. तरीही जे संगणकाच्या रुंद पडद्यावर बारीक रंगकाम करतात, किंवा ज्यांना मान न वळवता दोन्ही बाजूंना पाहत राहावे लागते, त्यांनी हा मुद्दा जाडीइतकाच गांभीर्याने घ्यावा.

दुसरी गोष्ट परावर्तनाची. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितका फरक, तितका त्यांच्या सीमेवरून जास्त प्रकाश परत फिरतो. साध्या प्लास्टिकच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परततो आणि १.६७ च्या भिंगावरून ६ टक्क्यांहून थोडा अधिक; दोन्ही पृष्ठभाग मिळून हे प्रमाण १२ टक्क्यांवर जाते. म्हणूनच या भिंगांवर परावर्तनरोधी कोटिंग, ज्याला दुकानात अँटी-ग्लेअर म्हणतात, घेणे ऐच्छिक मानू नये. त्यात सिलिका आणि धातूंच्या ऑक्साइडांचे अतिशय पातळ थर अशा जाडीचे दिलेले असतात की थरांच्या सीमांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना जवळजवळ रद्द करतात. माझ्या भिंगांवर प्रकाश पडला की फिकट हिरवी झाक दिसते, आणि रात्री मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांचे प्रतिबिंब आता भिंगाच्या आतल्या बाजूला दिसत नाही. या कोटिंगला उष्णता सोसत नाही. भर उन्हात उभ्या गाडीत चष्मा राहिला, तर प्लास्टिक आणि कोटिंग कमीजास्त प्रमाणात प्रसरण पावून बारीक भेगांची जाळी पडू शकते. पुसण्यासाठीही पदर किंवा ओढणी वापरू नये. आधी पाण्याने धूळ धुऊन टाकावी, सौम्य साबणाचा एक थेंब लावावा आणि मऊ कापडाने टिपून घ्यावे. अतिनील किरणांसाठी वेगळे पैसे मागितले, तर मात्र प्रश्न विचारावा, कारण १.६० आणि १.६७ च्या पदार्थांत हे किरण जवळजवळ पूर्णपणे मुळातच अडतात.

दुकानाच्या सेवेविषयी माझे मत संमिश्र आहे, आणि दुकानाचे नाव न देता मी ते लिहीत आहे. डोळ्यांची तपासणी शांतपणे आणि काळजीपूर्वक झाली. मी विनंती केल्यावर भिंगे घासून आकार देण्याचे काम मला काचेपलीकडून पाहू दिले. घासण्याच्या यंत्राजवळ गंधकाचा उग्र दर्प येत होता. या भिंगांच्या पदार्थात गंधकाचे अणू असतात. गंधकाचे इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीला सहज प्रतिसाद देतात आणि म्हणूनच या प्लास्टिकचा अपवर्तनांक वाढतो. तो वास घेताना अपवर्तनांकाचे कारण प्रत्यक्ष समोर असल्याचा आनंद मला झाला. दुकानातला तरुण कारागीर भिंगाची कड कौशल्याने तिरपी घासून पॉलिश करत होता. त्याच्या हातातील सफाईला पूर्ण गुण द्यायला हवेत.

पण बाहुल्यांमधील अंतर घाईत मोजले गेले होते. चष्मा हातात आल्यावर मी एक साधी तपासणी केली, जी कोणालाही घरी करता येईल. पांढऱ्या कागदावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन सरळ रेषा काढाव्यात, भिंग त्यांच्यावर हातभर अंतरावर धरून पाहावे आणि हळूहळू सरकवावे. भिंगातून दिसणाऱ्या रेषा बाहेरच्या रेषांपासून तुटलेल्या दिसतात. ज्या जागी दोन्ही रेषा अखंड जुळतात, ती भिंगाच्या प्रकाशीय मध्याची जागा. तिथे स्केचपेनने ठिपका द्यावा, दुसऱ्या भिंगावरही तसाच द्यावा आणि दोन ठिपक्यांमधील अंतर मोजावे. माझ्या चष्म्यात ते ६२ ऐवजी ६५ मिलिमीटर भरले आणि चूक डाव्या भिंगात होती. वजा ६.५ च्या भिंगात ३ मिलिमीटर चूक म्हणजे एक मीटरवर जवळजवळ २ सेंटीमीटर सरकलेली प्रतिमा. दोन्ही डोळ्यांना एकच वस्तू एका जागी दिसण्यासाठी दिवसभर ताण घ्यावा लागतो, डोके दुखते, आणि माणूस त्याचा दोष नव्या भिंगांना देतो. तक्रार केल्यावर दुकानाने वाद न घालता डावे भिंग विनाशुल्क बदलून दिले आणि या वेळी फ्रेमच्या नमुना-काचेवर बाहुल्यांच्या जागी पेनाने खुणा करून अंतर मोजले. हे पहिल्याच वेळी व्हायला हवे होते. नंबर जितका जास्त, तितकी या मोजमापातील चूक महाग पडते, त्यामुळे वजा ५ च्या पुढच्या प्रत्येकाने ठिपक्यांची तपासणी केल्याशिवाय चष्मा घरी नेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कोणी कोणते भिंग घ्यावे याविषयी माझे मत असे आहे. वजा ३ पर्यंत साधे प्लास्टिक उत्तम. त्याच्याइतके रंगशुद्ध भिंग स्वस्तात दुसरे मिळत नाही. त्यापुढे वजा ६ पर्यंत १.६० घ्यावे, कारण जाडीतली मोठी घट १.५० वरून १.६० वर येतानाच मिळते आणि रंगांची फारकतही सुसह्य राहते. वजा ६ च्या पुढे १.६७ ला अर्थ आहे, तोही फ्रेम लहान घेतली असेल तरच पूर्ण. मुलांसाठी आणि खेळाडूंसाठी मात्र हिशेब वेगळा आहे. पॉलिकार्बोनेट या मजबूत प्लास्टिकचा अपवर्तनांक १.५९ च्या आसपास आणि आबे अंक अवघा ३० आहे, म्हणजे नजरेच्या दृष्टीने तो १.६० पेक्षा कमी प्रतीचा सौदा ठरतो, पण चेंडू लागला तरी ते सहसा फुटत नाही, आणि मैदानावर खेळणाऱ्या मुलाच्या डोळ्यासमोर तेच असायला हवे.

मी स्वतः वाचनासाठी आणि उत्तरपत्रिका तपासण्यासाठी दुसरा चष्मा आता १.६० मध्ये, ४६ मापाच्या गोल फ्रेममध्ये बनवायला टाकला आहे. बाहुल्यांमधील अंतर जवळच्या नजरेसाठी दूरच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी धरावे लागते, ते या वेळी मी आधी लिहून घेतले आणि मगच भिंगांची ऑर्डर दिली.